खडकाला धरून बसलेली बाई

मी एकदा समुद्राच्या तळाशी, एका खडकाला धरून, नवऱ्याची वाट बघत बसले होते. पाठीवर हवेची टाकी, दातांत रबरी नळी, आणि डोक्यात एवढाच विचार की पुढे गेलेला माणूस येईल मागे, जातो कुठे. वर होडीत तोच माणूस मला मेली समजून कपाळ बडवत होता. असला मूर्खपणा अडाणी बाईला जमत नाही. मी तेव्हा मुख्याध्यापिका होते.

नातवंडं विचारतात, "आजी, तू खरंच समुद्राखाली गेली होतीस?" मी सांगते, गेले होते, आणि तिथं बसले होते. त्यांना वाटतं आजी थापा मारते. कपाटात एक सीडी आहे, पण ती चालवायचं यंत्र आता कुणाच्या घरात नाही, त्यामुळे माझी अब्रू शाबूत आहे.

ती बाई (मी तिला 'ती बाई'च म्हणते, तिला 'मी' म्हणायची लाज वाटते) बावन्न वर्षांची होती. माहेर सूर्यमाळेकडचं. तिथं उन्हाळा लागला की विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं हंडा भरायचा, आणि तो वर दोरानं ओढून घ्यायचा. पोहायला कुणाला येणार? पोहायला पाणी लागतं. सासर पोशेऱ्याचं. नवरा जव्हारला तहसील कचेरीत कारकून आणि ती मोखाड्याच्या पाड्यांवरच्या शाळांत मास्तरीण. संसाराची पहिली कितीतरी वर्षं दोघांची भेट शनिवारी संध्याकाळी व्हायची आणि सोमवारी सकाळी दोन वेगळ्या एसट्यांमध्ये दोघं उलट्या दिशांना निघून जायचे. नवऱ्याचा हात चारचौघांत धरायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे ती परवानगी म्हातारपणी, दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मिळते.

दुसऱ्यांना हसायला मात्र ती पहिली. जव्हारजवळच्या शिरपामाळावर रविवारी नाशिक-मुंबईकडची जोडपी येतात. गाडीतून उतरतात, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकवतात, फोटो काढतात आणि विचारतात, "इथं बघायला काय आहे?" ही बाई ते बघून नाक मुरडायची. एवढं पेट्रोल जाळून बायकोचं तोंडच बघायचं होतं तर घरी काय अडलं होतं, असं स्टाफरूममध्ये म्हणायची. सगळ्या हसायच्या. तिला वाटायचं आपण फार मार्मिक बोलतो.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या सगळ्या स्टाफची मालवणला सहल निघाली. नवरे-बायका, डबे, चकल्या, सगळं घेऊन. तिथं समुद्रात बुडी मारून प्रवाळ दाखवतात. दाखवतात म्हणजे काय, तर नळी चावायला शिकवतात, नाकावर काच बसवतात, आणि एक पोऱ्या मागून टाकीला धरून तुम्हाला दावणीच्या शेळीसारखं पाण्यात हिंडवतो. ढुंगणावर थाप मारत नाही एवढंच. आमची बाई तयार झाली, कारण स्टाफमधली एक बाई नको म्हणाली होती. नवरा तयार झाला, कारण बायको उतरली आणि आपण होडीत बसून राहिलो तर कचेरीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

खाली फोटोवाला होता. त्यानं दोघांना जवळ आणलं आणि खुणेनं सांगितलं, हात धरा. यांनी माझा हात धरला. फोटो झाला. फोटोवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पोहत गेला. यांनी हात सोडला नाही. वर येईपर्यंत सोडला नाही.

वर आल्यावर मी काही विचारलं नाही. असलं विचारायचं नसतं. पण मला ते पुन्हा हवं होतं. बाकी सगळी हौस, सगळा खटाटोप, त्या एवढ्याशा गोष्टीपायी होता, आणि ती गोष्ट सरळ नवऱ्याला सांगण्याऐवजी त्या बाईनं काय काय केलं ते ऐका.

सगळ्यात आधी तिनं फोटोवाल्यानं दिलेली ती सीडी शाळेत मोठ्या पडद्यावर दाखवली. पडद्यावर हिरवट पाणी, त्यात काळ्या रबरी कपड्यातली दोन ध्यानं. आमच्याकडे बोहाड्यात मुखवटे लावून सोंगं निघतात ना, तशीच. कोणता नवरा आणि कोणती बायको ते शिपाईमामांनाही ओळखू येईना. पण ही पट्टी घेऊन पडद्याजवळ उभी, आणि पोरांना सांगतेय, "प्रवाळ हा जीव आहे, दगड नाही." आदल्या दिवशीपर्यंत तिला तो दगडच वाटत होता.

मग तिनं जाहीर केलं की तिला प्रवाळाचा अभ्यास करायचा आहे. विद्यार्थ्यांसाठी. त्यासाठी नीट शिकून, पोऱ्याच्या मदतीशिवाय, स्वतः उतरायला हवं, आणि समुद्रात एकट्यानं उतरत नाहीत, जोडीदार लागतो, म्हणून नवऱ्यानंही शिकायला हवं. पोशेऱ्याला सासूबाई होत्या तेव्हा. त्या नागली पाखडत होत्या. सुपावरून नजर न उचलता म्हणाल्या, "हिरीत उतरायचं तं इथं कोन नको बोलतंय? हंडा पन भरून होईल."

हे हसले. मला राग आला. रागाच्या भरात मी नाशिकला बहिणीकडे अख्खी उन्हाळी सुट्टी काढली आणि पहिलीतल्या पोरांच्या रांगेत, तलावाच्या कठड्याला धरून पाय मारायला शिकले. यांना पोशेऱ्याच्या नदीत पोहायची लहानपणापासून सवय. त्यांना शिकायचं काही नव्हतं, तरी ते दर शनिवारी नाशिकला यायचे आणि कट्ट्यावर बसून माझं बुडणं बघायचे.

"कशाला चाललंय एवढं?" एकदा त्यांनी विचारलं.

"प्रवाळासाठी," मी म्हणाले.

पुढच्या दिवाळीला आम्ही दोघंच मालवणला गेलो. शिकवणारा तिथलाच, आमच्या थोरल्याच्या वयाचा. काळा चष्मा डोळ्यांवर नसला तर कपाळावर, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की किनाऱ्यावर झोपलेली कुत्री उठून बसायची. आमच्याबरोबर शिकायला पुण्याकडचं एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं. दोघांचे पाण्याचे कपडे सारखे, चपला सारख्या, आणि जमिनीवरसुद्धा एकमेकांना सोडायला तयार नाहीत. गोचिडासारखी चिकटलीत, असं त्या बाईनं यांच्या कानात म्हटलं.

शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी आम्हाला वाळूत बसवलं आणि सांगितलं, "ऐका काका, काकी. पाण्यात नवरो-बायको कोण नसता. जोडीदार असता. जोडीदार बाजूक असता, पाठी नाय. मान वळवल्यार त्याचा तोंड दिसाक व्हया. कळला?"

कळलं, म्हणालो.

"आणि हरवलात तर? जरा वेळ इकडे-तिकडे बघायचा, नाय दिसलो तर हळूहळू वर. खाली रवाचा नाय. दोघांनी वर येवचा, म्हणजे वर भेट होता."

मग त्यानं परीक्षा घेतली. जोडीदार कुठं असतो? सगळ्यात आधी हात वर कुणाचा, तर मुख्याध्यापिकाबाईंचा. "शेजारी. खांद्याला खांदा लावून." हे तिचं आवडतं वाक्य. दर आठ मार्चला तालुक्याला भाषण करायची ती, स्त्रीनं पुरुषाच्या खांद्याला खांदा लावून चाललं पाहिजे, आणि टाळ्या घ्यायची. टाळ्या वाजवणाऱ्या बायका सभा संपली की आपापल्या नवऱ्याच्या मागून घरी जायच्या. तीही जायची.

तलावातला सराव झाला, समुद्रातल्या दोन छोट्या बुड्या झाल्या. त्यांत आम्ही एका जागी गुडघ्यांवर बसून खुणा करत होतो, त्यामुळे कुणाचं काही उघडं पडलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र खऱ्या प्रवाळावर फिरायला नेलं. पुढे शिकवणारा, त्याच्यामागे ते गोचीड-जोडपं, आणि शेवटी आम्ही दोघं.

प्रवाळाबद्दल एक सांगून टाकते. टीव्हीवर दाखवतात तसं लाल-जांभळं काही नव्हतं तिथं. पाणी ताकात पालेभाजी घोळवल्यासारखं, चार हातांपलीकडे दिसायची मारामार. प्रवाळ नागलीच्या भाकरीच्या रंगाचं. काही जात्याच्या तळीएवढं, काही सुकलेल्या शेण्यांसारखं एकावर एक. पण त्याच्याजवळ गेलं की कळायचं, त्यावर बारीक बारीक तोंडं आहेत आणि ती सगळी जेवताहेत. मला आवडलं ते. दिखाऊ नाही, आणि काम चालू. अभ्यासाची थाप मारून आले होते, पण तेवढी पाच-दहा मिनिटं मी खरंच अभ्यास केला.

मग पुढे निघायची खूण झाली, आणि आम्ही दोघं निघालो.

समुद्राच्या तळाशी पायवाट नसते. डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं, वर-खालीसुद्धा मोकळं. पण त्या बाईच्या पायांना तिथंही वाट दिसली. पोशेऱ्याच्या भातखाचरांच्या बांधावरून जातात तशी, एका पावलापुरती. पुढे नवरा, हातात काठी, काटेकुटे आणि जनावर बाजूला करायला. मागे बायको, डोक्यावर ओझं. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही असेच चाललो. बांधावर दुसरं चालता येतच नाही. जव्हारच्या डांबरी रस्त्यावर चालता येतं, तर तिथंही असेच चाललो. आणि आता अख्खा अरबी समुद्र रिकामा असताना ती बाई बरोब्बर नवऱ्याच्या मागे लागली. दोन-चारदा यांनी मान वळवून शेजारी बघितलं, डावीकडे, मग उजवीकडे. मी होते पाठीमागे, त्यांच्या पायांशी. ते वळले की मीही त्यांच्या मागोमाग वळायची, म्हणजे मी काही त्यांना दिसेना. मला वाटलं, बघतायत वाटतं मासे.

पुढच्याच क्षणी त्यांच्या पायातलं रबरी वल्हं फाडकन माझ्या तोंडावर बसलं.

काचेत पाणी शिरलं. घाबरले नाही, शिकवलं होतं. डोळे मिटले, काच वरून दाबली, नाकातून जोरात हवा सोडली, पाणी बाहेर. एकदा नीट जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. डोळे उघडले तर समोर नवरा नाही. शिकवणारा नाही, गोचीड नाहीत. सगळीकडे ताक.

इथं शिकलेल्या माणसानं काय करायचं ते वर लिहिलंच आहे. ती बाई ते तोंडपाठ म्हणून दाखवू शकली असती. पण तिला पावसाळ्यातली सूर्यमाळ आठवली. धुकं उतरलं की तिथं हाताचा पंजा दिसत नाही. मागे राहिलेल्या माणसानं धुक्यात चालायचं नसतं, कड्यावरून जाईल. झाड धरायचं, दगड धरायचा, बसायचं आणि कुकारा द्यायचा, लांब हाळी घालायची. पुढचा माणूस परत येतो आणि घेऊन जातो. आमच्या पाड्यावर शाळेत जायच्या आधी पोरांना हे शिकवतात.

म्हणून मी खडकाला धरलं आणि बसले. प्रवाळ नसलेली जागा बघून बसले, एवढी अक्कल होती. कुकारासुद्धा दिला. नळीतून बुडबुड्यांचा गोंधळ वर गेला. मग गप्प बसून मी यांना काय काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव करू लागले. पहिलं वाक्य, "तीस वर्षांत कधी मागे वळून बघितलंत का?" हे माझं जुनं गाऱ्हाणं. माहेरी, स्टाफरूममध्ये, बाजारात, सगळ्यांना मी हे सांगितलेलं होतं: आमचे हे पुढे चालतात ते चालतात, मागे बायको आहे की दरीत गेली, बघत नाहीत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक मासा येऊन माझ्या काचेसमोर थांबला. त्यालाही सांगितलं असतं.

किती वेळ गेला देव जाणे. वरून एक काळी आकृती खाली आली. मला वाटलं, आले. तो शिकवणारा होता. काळ्या चष्म्याशिवाय त्याचे डोळे मी पहिल्यांदा नीट बघितले, आणि ते इतके मोठे झाले होते की माझ्या लक्षात आलं, काहीतरी भलतंच घडलंय. मी त्याला खूण केली, सगळं ठीक आहे. त्यानं माझं जॅकेट धरलं आणि मला हळूहळू, मध्ये थांबवत, वर नेलं.

वर होडीत दोघा जणांनी यांना मागून घट्ट धरलं होतं. ते टाकीशिवाय, काचेशिवाय, नुसते पुन्हा पाण्यात उडी मारायला निघाले होते. नेम पाळून ते वर आले होते, आणि नेमाप्रमाणे मीही वर असायला हवी होते. मी नव्हते. म्हणजे काय झालं असणार याचा त्यांनी हिशेब लावला होता. त्यांनी मला शिडीवरून चढताना बघितलं, फळीवर बसले, आणि माझ्याकडे पाठ केली. ती पुण्याची नवरी रडत होती.

आणि मुख्याध्यापिकाबाई तोंडातली नळी काढून काय म्हणाल्या असतील? "असे कसे हो मला सोडून आलात?"

शिकवणारा म्हणाला, "काकी, खाली बसलास कशाक?"

"वाट बघत होते."

"कोणाची? एसटीची?"

किनाऱ्याला लागल्यावर यांनी टाक्या उतरवल्या, अंगावरचं रबर सोलून काढलं, आणि मग वाळूत उभं राहून सांगितलं, "मी आता नाही उतरणार. उद्याचं रद्द. तुला जायचं तर तू जा."

आता मी कुणाबरोबर जाणार? जोडीदाराशिवाय उतरू देत नाहीत, आणि दुसरा जोडीदार घेऊन मला काय करायचं होतं? हा माणूस नाही म्हणाला की सगळं संपलं. नाशिकचा तलाव, पोरांची रांग, अख्खं वर्ष. मला ते समजत होतं, म्हणून मी भांडले. समजुतीनं बोलायची वेळ आली की भांडायचं, ही त्या बाईची पद्धत.

"चूक तुमची आहे. मागे वळून बघायला काय झालं होतं?"

"मी कधी बघतो?"

"तेच म्हणतेय मी. तीस वर्षं तेच म्हणतेय."

"बघावं लागत नाही," हे म्हणाले. "बांगड्या वाजतात तुझ्या. वाजायच्या थांबल्या की मी थांबतो. तुझ्या पायात काटा गेला तर मी थांबतो की नाही? ओझं सरकलं तर थांबतो की नाही? पाण्यात काय वाजतं? मी आपला चाललोय. काही ऐकूच येत नाही. बघतो तर तू नाहीस."

माझ्या बांगड्या खोलीवर, साबणाच्या डबीत होत्या. पाण्यात उतरताना काढून ठेवा म्हणून सांगितलं होतं.

मी आठवू लागले. सूर्यमाळेच्या चढावर, पोशेऱ्याच्या बांधावर, जव्हारच्या बाजारात. मी थांबले आणि हे पुढे निघून गेले असं एकदा तरी झालं होतं का? ज्या गोष्टीवर मी अर्ध्या तालुक्याची सहानुभूती गोळा केली, ती गोष्ट मी कधी तपासूनच बघितली नव्हती. पोरांना प्रत्येक गणिताचा ताळा करायला लावणारी बाई ही.

तेवढ्यात शिकवणारा आला. त्यानं ऐकलं असावं, कारण सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं होतं. म्हणाला, "उद्या नेतलंय मी. पण आधी वाळूत चालान दाखवा. बाजूबाजूक. त्या होडीपर्यंत आणि परत."

"मला यायचंच नाही," म्हणत हे चालू लागले, तडक, खोलीच्या दिशेनं. आणि मी त्यांच्यामागून. मागून शिट्टी वाजली. "काकीऽ, परत पाठी?"

हे थांबले. मीही थांबले, दोन पावलं मागे. मासे सुकत घातलेल्या बायका काम सोडून आमच्याकडे बघत होत्या.

तिथं, त्या सुक्या बांगड्यांच्या वासात, मला शेवटी खरं बोलावं लागलं. दोन पावलं मागूनच बोलले, त्यांच्या पाठीला. समोरून झालं नसतं.

"मला प्रवाळ-बिवाळ काही बघायचं नव्हतं. गेल्या वर्षी फोटो काढून झाल्यावर तुम्ही हात सोडला नव्हता. तेवढ्यासाठी आले."

"आणि त्यासाठी पाठीवर एवढी टाकी घ्यायची?" ते म्हणाले.

टाकी तर घेतली होती.

मग ते दोन पावलं मागे आले. पुढे जायला मला सांगितलं नाही, स्वतः मागे आले, आणि शेजारी उभे राहिले. आम्ही त्या होडीपर्यंत चालायला सुरुवात केली. सोपं वाटतं ना? आपले आपण चालून बघा. चार पावलं झाली की मी अर्धं पाऊल मागे. मी मागे पडले की त्यांचा पाय आपोआप जोरात. नवीन बैलजोडी पहिल्यांदा जुंपली की एक पुढे ओढतो, एक बाजूला, तसं चाललं होतं. शिट्टी वाजे, आम्ही थांबू, पुन्हा सुरू. परत येताना त्यांनी माझं मनगट धरलं, मागे पडू नये म्हणून. हात नव्हे, मनगट. चोराला धरतात तसं. मासे सुकवणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "काय गो, नवीन लगीन झाला काय?" दुसरी म्हणाली, "नाय गो, पळान जाता ता, म्हणान धरल्यान." दोघी हसल्या. आयुष्यभर शिरपामाळावरच्या जोडप्यांना हसलेल्या बाईला तिथं वाळूत कुणीतरी फुकट हसत होतं, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

त्या दिवशी आम्ही चार खेपा केल्या. शेवटच्या खेपेला शिट्टी वाजली नाही. शिकवणारा बहुधा कंटाळला होता.

दुसऱ्या दिवशी हे आले. 'येतो' असं म्हणाले नाहीत. सकाळी होडीवर जाऊन बसले होते. त्या बुडीत मी प्रवाळ जवळजवळ बघितलंच नाही. मान वळवायची, हे आहेत. समोर बघायचं, पुन्हा वळवायची, आहेत. तेही तसंच करत होते. शेवटी शेवटी आम्ही समोर बघायचंच सोडलं आणि एकमेकांकडे तोंड करून, खेकड्यासारखे तिरके पोहत राहिलो. हात धरलेला होता. या वेळी हातच. एक कासव शेजारून गेलं म्हणे, सगळ्यांनी बघितलं. आम्ही नाही. पुण्याच्या जोडप्याचं सकाळीच कशावरून तरी वाजलं होतं, ती दोघं समुद्राच्या दोन टोकांना होती आणि शिकवणारा त्यांच्यामध्ये पोहून पोहून थकला.

होडीत आलो. यांनी काच काढली. कपाळावर, गालांवर तिचा गोल वळ उठला होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन चांगले शब्द बोलेल, तेवढ्यासाठी अख्खं वर्ष घातलंय आपण. शेवटी मीच विचारलं, "काय काय बघितलंत खाली?"

ते टॉवेलनं कान पुसत म्हणाले, "पाण्यात सगळं मोठं दिसतं म्हणे. तरी तुझा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीकच दिसत होता. तीस वर्षं झाली लग्नाला, मला हे माहीतच नव्हतं."